बाईंचा कोरिया

चातुर्मासात वर्षाराणीबाई एकभुक्त राहत, आणि ते एक जेवणही मौनानं जेवत. मध्ये तोंडून शब्द गेला तर पान सोडायचं, मग दुसऱ्या दिवशीच अन्न. भोरच्या कॉलेजात हा नेम सगळ्यांना ठाऊक होता.

त्या दुपारी त्यांनी स्टाफरूममध्ये डबा उघडला आणि दारात अम्रीन आली. त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. आता दिल्लीत कोरियाच्या अलीकडच्या इतिहासावर पीएच.डी. करत होती, दिवाळीनंतर शिष्यवृत्तीवर सोलला निघाली होती.

"बाई, आमच्याकडं कोरियावाले इतके झालेत, की विषय वाटून घ्यावे लागतात," ती हसली.

बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. त्यांनी स्वतः पीएच.डी.साठी नाव नोंदवलं तेव्हा मार्गदर्शक म्हणाले होते, "कोरिया कशाला? भोर संस्थान घ्या." बाईंनी हट्टानं कोरियाच घेतला. मग लग्न, सासूबाईंचं दुखणं, पेपर तपासणं. नोंदणी कधी रद्द झाली कळलंही नाही. या पोरीला फळ्यावर कोरिया काढून दाखवला तो आपणच, आणि विमानात बसणार ती.

"कोरियातली लढाई थांबल्यावर तिथल्या कैद्यांवर पहारा द्यायला आपले जवान गेले होते ना, त्यांतलं इकडचं कुणी आहे का हो, बाई?"

आहेत. पासली गावचे रखमाजी. बाईंनीच शोधलेले. मायदेशी परतायला नको म्हणणाऱ्या त्या कैद्यांच्या गोष्टी बाईंनी रखमाजींच्याच ओट्यावर बसून ऐकल्या होत्या. अर्ध्या प्रबंधातलं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

बाईंनी मान खाली घालून भात कालवला. नेम तर पाळतोय आपण. पण जेवण लांबावं म्हणून घास फारच लहान होत चालले होते, आणि ते देवालाही दिसत असणार.

"बाई जेवताना बोलत न्हाईत," शिपाईकाम करणाऱ्या भागूबाई म्हणाल्या. "तुजी गाडी कवाची?"

"आत्ताचीच, मावशी. अब्बू कापूरहोळला थांबलेत."

"मग मला इचार की. म्या पासलीची. आमच्या हितं एक म्हातारं हाय, लई लांब..."

"रखमाजी," बाई म्हणाल्या.

बाईंनी डबा झाकला, हात धुतला.

"बाई, तुमचं जेवण..."

"राहू दे. एकटी जाऊ नकोस. परक्यापुढं ते नुसतं पाऊसपाणी बोलतात. रविवारी मी नेईन."

"खरंच याल?"

"येईन. पण पहिला प्रश्न मी विचारणार."

"आन् दुसरा?" भागूबाईंनी विचारलं.

बाईंनी पदरानं हात पुसले.

"दुसराही मीच," त्या हळूच म्हणाल्या.