घाई नसलेली गिऱ्हाइकं

मित्रांनो, मी एक जुनी छिन्नी आहे. ख्रिस्ती दफनभूमीच्या फाटकासमोर थडग्यांचे दगड कोरणाऱ्या कारागिराचं दुकान आहे, तिथल्या खिडकीत मी गंजत पडले आहे. लोहाराने तापवून, ठोकून, पाण्यात बुडवून मला घडवलं तेव्हा मी चांगली वीतभर होते. आता झिजून बोटाएवढी उरले.

माझ्या मालकांना सगळे धुळोबा म्हणत, कारण दगडाच्या भुकटीने त्यांच्या भुवया बारा महिने पांढऱ्या असत. त्यांच्या हातून मी शेकडो क्रूस आणि नावं कोरली. लोक अक्षरांवरून बोट फिरवून म्हणत, "वा, काय वळण आहे!" तेव्हा मला आभाळ ठेंगणं वाटे. धुळोबांना एकच खोड होती, काम उद्यावर टाकायची. "आमच्या गिऱ्हाइकांना कुठे घाई असते?" असं म्हणून ते खो खो हसत. मीही मनातल्या मनात हसायचे. आज त्याची लाज वाटते.

एकदा एक घड्याळजी आणि त्याची धाकटी बहीण आईच्या थडग्याचा काळा दगड कोरून घ्यायला आले. बहीण नर्स होती. नाव, तारखा झाल्या आणि शेवटच्या ओळीपाशी घोडं अडलं.

"'पुनरुत्थानापर्यंत झोपली आहे' असं कोरा," भाऊ म्हणाला.

"झोपली नाहीये, दादा. 'प्रभूजवळ आहे' असं कोरा."

शेवटच्या दिवशी मेलेले उठतील, यावर दोघांचाही विश्वास होता. तोवर ते कुठे असतात, यावरून वाद पेटला. भाऊ म्हणाला, आपल्या मेलेल्या मित्राबद्दल खुद्द येशूच 'तो झोपलाय' असं म्हणाला होता. बहीण म्हणाली, आणि येशूच्या शेजारच्या क्रूसावर मरणाऱ्या चोराला त्याच दिवशी सुखलोकात नेण्याचा शब्द कोणी दिला?

खरं दुखणं वेगळंच होतं. "दोन वर्षं वेदनांनी आईच्या डोळ्याला डोळा लागला नाही," भाऊ म्हणाला. "आता तरी झोपू दे की तिला!"

बहिणीचा आवाज चिरकला. "ती गेली तेव्हा मी ड्यूटीवर होते, दुसऱ्यांच्या आयांना पाणी पाजत. ती झोपली असेल, तर माझी माफी ऐकणार कोण?"

धुळोबा म्हणाले, "ठरवून या, मग कोरू." ते दोघं गेले ते एकमेकांशी बोलेनासेच झाले. तीन वर्षं तो दगड भिंतीला टेकून उभा होता.

मग एका सोमवारी घड्याळजी एकटाच धापा टाकत आला. "तिचंच कोरा, धुळोबा. वाद जिंकून मला काय मिळालं? रविवारी तिला इथे आणतो आणि दाखवतो."

धुळोबांनी मला उचललं, हातोडी मारली आणि मी त्या दगडावरून घसरले. कित्येक महिन्यांत मला धार लावलेली नव्हती. "उद्या लोहाराकडे नेतो," ते म्हणाले. उद्याचा परवा झाला, परवाचा शनिवार. शनिवारी घड्याळजी डोळ्याला भिंग लावलेलं असतानाच खुर्चीत वारला.

त्याला पुरल्यावर बहीण आली. "दादाचंच कोरा. 'झोपली आहे' असंच. त्याची तेवढी एक इच्छा होती."

धुळोबांना तोंड वर करवेना. तरी त्यांनी सगळं सांगितलं. ती स्टुलावर बसली.

"माझं खरं असेल तर मीही त्याचंच कोरायला सांगितलं, हे दादाला आत्ता कळतंय," ती म्हणाली. "त्याचं खरं असेल तर तो उठेल तेव्हा मी आधी हेच सांगेन. पण मला तो आज इथे हवा होता हो, माझ्याशी भांडायला."

शेवटी तिने आईच्या आणि दादाच्या अशा दोन्ही दगडांवर 'पुन्हा भेटू' एवढंच कोरून घेतलं. त्या दिवशी मला धार होती. धुळोबा पुन्हा कधी तो विनोद करून हसले नाहीत, आणि त्यानंतर त्यांनी मला हातातही घेतलं नाही.

मित्रांनो, हत्यारांना वेळच्या वेळी धार लावा. आणि कुणाशी अबोला धरला असेल, तर आजच त्याच्या घरी जा. मेलेल्यांना घाई नसते हे खरंच आहे. घड्याळजीला मात्र त्या सोमवारी फार घाई होती.