धाकटी डिस्क

आमच्या घरात ‘हो’ म्हणायला मी आढ्याकडे बघते आणि ‘नाही’ म्हणायला डोळे मिटते. आजारपणात अंग गेलं, जीभ गेली, आणि माझे स्वतःचे एवढे दोनच शब्द उरले. बाकीचे सगळे कॉम्प्युटरमध्ये होते. उजवा अंगठा तेवढा हलायचा, त्याच्याखाली एक बटण, पडद्यावर सरकणारी अक्षरं, हवं ते आलं की दाबायचं. वाक्य पुरं झालं की यंत्र ते मोठ्यांदा म्हणायचं. सावकाश का होईना, मला घरात सगळ्यांना रागावता येत होतं. अर्धं आयुष्य फिजीतल्या सावुसावुच्या शाळेत पोरांना रागावण्यात घालवलेल्या बाईला आणखी काय हवं!

मग सिडनीहून नणंदेने नवा कॉम्प्युटर पाठवला. त्याला जागा करायची म्हणून इलाइतियाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, सकाळीच जुन्याच्या वायरी काढल्या. आणि नेमका दुपारी तावेउनी बेटावरून विलिकेसा आला. विलिकेसा हा त्याचा मामेभाऊ. आमच्यात मामेभावा-आतेभावांनी एकमेकांची हवी तेवढी टिंगल करायची, पण एकाने केरेकेरे केलं, म्हणजे समोर बसून काही मागितलं, तर दुसऱ्याने नाही म्हणायचं नाही.

विलिकेसाने पेय करायच्या यांगोनाच्या मुळांची जुडी, काही मागायला जाताना नेतात तशी, चटईवर ठेवली आणि मांडी घातली.

“काय रे टकल्या, दोन-दोन कॉम्प्युटर? एकावर डालोचा कंद किसतोस की काय?”

“एकावर तुझा फोटो लावणार आहे. उंदीर फार झालेत.”

पोटभर हसून झालं आणि विलिकेसाचा आवाज खाली आला. “आमच्या गावच्या शाळेला जुना देशील? पोरं अजून कॉम्प्युटर चित्रातच बघतात.”

“ने की!” इलाइतिया म्हणाला. “फक्त थांब, हिचं बोलणं आत आहे. तेवढं काढून घेतो.” त्याने पेटीचं झाकण उघडलं, स्क्रू फिरवले आणि मोठी डिस्क हातात घेतली. “सगळं हिच्यातच आहे. कर्स्टीनेच सांगितलंय.”

कर्स्टी म्हणजे ब्रिस्बेनहून येऊन हे सगळं बसवून देणारी मुलगी. ती आणखीही एक सांगून गेली होती, पण तेव्हा हा स्वयंपाकघरात चहा करत होता आणि ऐकायला मी एकटीच होते. “जुनी लहान डिस्क आत तशीच ठेवलीय,” ती म्हणाली होती. “सुरू होताना मशीन आधी तिच्याकडे जातं. मोठीकडे कसं जायचं, ते तिला ठाऊक आहे.”

ती धाकटी अजून पेटीतच होती. मी डोळे घट्ट मिटून घेतले.

“वहिनी झोपल्या बघ,” विलिकेसा कुजबुजला.

“झोपू दे. हळू उचल.”

आणि माझी झोप मोडू नये म्हणून ते दोन दांडगे पुरुष माझं तोंड उचलून चोरपावलांनी घराबाहेर घेऊन गेले.

मोठी डिस्क नव्या कॉम्प्युटरमध्ये बसवली. पडदा काळा झाला आणि त्यावर एक पांढरी ओळ आली: सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही. इलाइतियाने बंद करून पुन्हा लावला. वायर हलवली. पेटीला एक थापटी मारली. ओळ काही हलली नाही.

बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानातून धर्मेनला बोलावलं. हा माझा विद्यार्थी, भागाकारात कायम कच्चा. त्याने तपासायचं ते सगळं तपासलं. आधी कुठली डिस्क बघायची तो क्रम बदलला, जुन्या पद्धतीने सुरू कर म्हणून सांगून पाहिलं, दुरुस्तीची सीडी घातली.

“डिस्क शाबूत आहे बाई,” तो म्हणाला. “फायली दिसतात. पण सुरुवात कुठून करायची, तेच मशीनला कळत नाही. तुमचा प्रोग्रॅम कॉपी करूनही चालणार नाही, त्याला कुलूप आहे. आणि बनवणारी कंपनी तर बंद पडली.”

मला कळत होतं. घरात फक्त मलाच कळत होतं, आणि मी छताकडे तोंड करून पडले होते. नाकावर माशी बसली तरी कुणाचं लक्ष जाईपर्यंत वाट बघायची सवय झाली होती, पण ही वाट बघणं सोसवेना. रडायलाही यायचं, मग इलाइतिया डोळे पुसून विचारायचा, “पपई हवी? केळं? मग पाणी?” मला पपई नको होती. मला भांडायचं होतं.

यंत्र येण्याआधी तो अक्षरं म्हणत जायचा आणि मी वर बघून त्याला थांबवायची. ते पुन्हा सुरू केलं. पण याला दम कुठला? अर्धा शब्द झाला की उरलेला हाच पुरा करणार! मोठ्या मुश्किलीने मी ‘लहान’ एवढं सांगितलं.

“लहान उशी?” मी डोळे मिटले. “लहान चमचा? लहानपणाची आठवण येतेय?” मी मिटलेले डोळे उघडलेच नाहीत. “दमलीस गं तू,” असं म्हणत त्याने दिवा मालवला.

तावेउनीहून विलिकेसाचा फोन यायचा. तो यांगोनाच्या पिकाबद्दल बोलायचा, वादळाबद्दल बोलायचा. कॉम्प्युटरचं नाव दोघांनीही काढलं नाही.

शेवटी धर्मेन म्हणाला, “काका, आता पुसून नवी करू. फोटोबिटो काढून ठेवतो. तो प्रोग्रॅम मात्र विसरा.”

इलाइतिया कितीतरी वेळ माझ्या हाताकडे बघत राहिला. “कर,” तो म्हणाला.

धर्मेनचा हात कीबोर्डवर गेला. मग त्याने मागे वळून पाहिलं. “बाई, पुसू ना?”

या सगळ्या खटाटोपात कॉम्प्युटरबद्दल मला विचारलेला तो पहिला प्रश्न. मी डोळे मिटले.

“नको म्हणतायत.”

“तिचं काहीतरी वेगळंच चाललंय,” इलाइतिया म्हणाला. “सारखं लहान, लहान.”

“लहान काय?” धर्मेन खुर्चीवरून उठला. “बाई, जुन्या मशीनमध्ये आणखी एक डिस्क होती? लहान?”

मी आढ्याकडे बघितलं. डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत बघत राहिले.

“तरीच!” धर्मेनने कपाळावर हात मारला. “रस्ता सांगणारी तिकडे, आणि घर इकडे. तो रस्ता मी नवीन लिहून बघू शकतो काका, पण चुकलं तर ही मोठीसुद्धा जाईल. ती लहान आणा.”

आता झालं, असं मला वाटलं. पण इलाइतिया मान खाली घालून बसला. “केरेकेरेने दिलेलं परत कसं मागू? शाळेतली पोरं त्यावर शिकत असतील. सगळं गाव काय म्हणेल?” काही दिवस तो घरात असाच तोंड लपवून वावरला. बायको मुकी चालेल, पण गावात नाव जायला नको! इतका राग मला त्याचा आयुष्यात आला नव्हता, आणि तो सांगायची सोयही त्यानेच घालवली होती.

एका सकाळी मात्र त्याने माझ्याकडे बघायचं टाळतच यांगोनाची चांगली जाड जुडी बांधली, शेजारणीला माझ्याजवळ बसवलं आणि बोट पकडली.

परतला तो विलिकेसाला आणि आख्ख्या कॉम्प्युटरला घेऊन.

“अगं, शाळेत टेबलावर ठेवलाय,” इलाइतिया सांगत होता, “वर विणलेला रुमाल, त्यावर प्लास्टिकची फुलं. हेडमास्तर रोज पुसतात. सुरू एकदाही झाला नाही!”

“कसा होणार? अर्धा तुझ्याकडे!” विलिकेसा म्हणाला. “पण दिलेल्या वस्तूची तक्रार करायची कशी? मी आपला पिकाबद्दल बोलत राहिलो. आणि हा टकल्या, वहिनी, जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागायला आला. मी कोंबडी कापली!”

दोघे खो खो हसले. मला हसू आलं नाही.

धर्मेनने दोन्ही डिस्क जुन्या पेटीत पूर्वीसारख्या बसवल्या. पडदा काळा झाला, तसाच राहिला, आणि मग उजळला. माझी अक्षरं सरकायला लागली. धर्मेनने बटण अंगठ्याखाली ठेवलं.

“चला, सुटलो!” इलाइतिया विलिकेसाच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. “आता तू हा नवा घेऊन जा शाळेला.”

विलिकेसाने नवा कॉम्प्युटर उचललासुद्धा. मी बटण दाबत होते. सगळ्यांना वाटलं, आभार मानते आहे. इलाइतिया हसऱ्या तोंडाने जवळ येऊन उभा राहिला.

“त्या दिवशी,” यंत्र म्हणालं, “मी झोपले नव्हते.”

इलाइतियाचं हसू मावळलं. विलिकेसाने नवा कॉम्प्युटर हळूच खाली ठेवला.

मग इलाइतिया माझ्या उशाशी जमिनीवर बसला. “लाईसानी,” त्याने विचारलं, “हा नवा देऊ का त्याला?”

सगळे माझ्याकडे बघत थांबले. मी पहिलं अक्षर निवडलं. मला अजिबात घाई नव्हती.