हजेरीची खपली

मी खपली बोलतेय, बळीरामच्या उजव्या हातावरची. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

वर्ध्याकडचा हा गडी भिलाईच्या कारखान्याच्या बांधकामावर पत्रे उचलायचा. एका पत्र्याची धार हातावरून फिरली. कापलेली रक्तवाहिनी लगेच आकसली. रक्तातल्या बिंबिका धावत आल्या आणि एकमेकींना चिकटून भोकावर बसल्या. मग बारीक तंतूंचं जाळं विणलं गेलं, त्यात तांबड्या पेशी अडकल्या नि रक्त थांबलं. तेच वाळून मी झाले. माझ्या आडोशाने आत नवी कातडी धरू लागली. एवढ्या खटाटोपाचं कुणाला काही आहे? नाव काढू नका.

मुकादम भैयालालचा कायदाच न्यारा. सकाळच्या हजेरीला जखम दाखवायची. ओलं रक्त दिसलं तर पाणी वाटायचं हलकं काम. खपली दिसली की माणूस बरा झाला, उचल पत्रा. म्हणून बळीराम रोज फाटकापाशी मला नखाने उचकटायचा. मूर्ख माणूस! बिंबिका बिचाऱ्या पुन्हा कामाला जुंपायच्या. मला त्याचा संताप यायचा, भैयालालचा त्याहून जास्त. शेवटी कडा सुजल्या, पू धरला, बोटं वळेनात. हात गेला असता तर त्याला कामावर कोण उभं करणार होतं?

एका सकाळी त्याने नख लावलं आणि त्याच्या बायकोने, सत्यशीलाने, ते बोट धरलं. तीही त्याच टोळीत गिट्टी वाहायची.

"कावून सोलून राहिले तुमी?"

"नाई सोललं तं पत्रा उचलाले लावते तो."

ती तडक भैयालालपुढे गेली. "रगत दिसलं तं पाणी, खपली दिसली तं पत्रा. मंग खपली धरन कवा, मुकादम?"

"सूख गया है. पत्रा उठाए, नहीं तो नाम कटेगा."

"नाव राहू द्या. पत्रा मी नेईन, पाणी हे वाटतीन."

भैयालाल कुत्सित हसला, पण पत्रा हलतोय म्हणून त्याने दोघांची हजेरी लावली. सत्यशीला रोज उकळून निववलेल्या पाण्याने माझ्या कडा धुवायची. मला पुन्हा कुणी नख लावलं नाही. पू गेला, बोटं वळू लागली. माणसांनो, खपलीला नख लावू नका, एवढंच माझं मागणं आहे.

मग एक दिवस पत्र्याने सत्यशीलाचा तळवा कापला. तिथेही खपली धरली, माझी बहीणच ती. आज हजेरीला भैयालाल म्हणाला, "हाथ दिखा."

तिने मूठ उघडली नाही. बळीराम पुढे झाला आणि तिचा पत्रा त्याने आपल्या खांद्यावर घेतला. त्या झटक्याने मी गळून पडले, पहिल्यांदाच नखाशिवाय.