माझे डोळे कुणी आखले

मी एक जुना राक्षस आहे. घाबरू नका, मित्रांनो. माझी उंची तुमच्या अंगठ्याएवढी आहे. हातात गदा, तोंडात सुळे, पाठीवर काटे असा सगळा थाट आहे, पण जात प्लास्टिकची. भुयारात शिरून राक्षस मारायचे आणि खजिना लुटायचा, अशा एका पटावरच्या खेळाच्या खोक्यात बसून मी कोल्हापुरात आलो. तेव्हा मी नखशिखांत राखाडी होतो. डोळ्यांच्या जागी नुसते दोन उंचवटे होते.

माझे मालक धैर्यशील कागलच्या एमआयडीसीत इंजिनियर. रविवारी मित्रांना जमवून खेळायचे. बिनरंगाचे राक्षस त्यांना बघवेनात. आधी त्यांनी स्वतःच हात चालवला आणि एका शूर योद्ध्याचं तोंड शेणानं सारवल्यासारखं करून ठेवलं. मग आम्हा वीस जणांना डब्यात भरून ते कुंभार गल्लीत जोतीराम आण्णांकडे घेऊन गेले. आण्णा गणपती घडवणारे. डब्यात डोकावून म्हणाले, "पावणं, आमी देव रंगवतो. भुतं न्हाय."

"द्या हिकडं. मी रंगवतो की!" आतून आवाज आला. ती आण्णांची मुलगी अनुजा. कोल्हापूरच्या पोरी अशाच, पोरांसारखं 'मी करतो, मी जातो' बोलतात.

त्या घरात एक रीत होती. पितांबर, सोंड, दागिने अनुजानं रंगवायचे. डोळ्यांना मात्र हात लावायचा नाही. डोळे रंगवण्याला तिथे आखणी म्हणतात. ती सगळ्यात शेवटी होते आणि ती घरातल्या पुरुषांनीच करायची. आण्णांचा हात आता थरथरत होता, म्हणून आखणीचा ब्रश थोरल्या मुलाकडे, सम्राटकडे गेला होता. सम्राटच्या हाताची काय कथा सांगू! त्यानं आखलेला एक गणपती दाराकडे आणि खिडकीकडे एकाच वेळी बघत होता. तरी ब्रश त्याच्याच हातात. आणि अनुजाला लहानपणापासून आखणीशिवाय दुसरं काही नकोच होतं.

दुपारची जेवणं झाली की ती आम्हाला घेऊन बसायची. पहिला नंबर माझा लागला. आधी अंग, मग गदा, मग सुळे. डोळे शेवटी. तिनं श्वास रोखला. तिनं आयुष्यात आखलेले पहिले डोळे माझे, मित्रांनो! मग मला उलटं करून पायाखालच्या चकतीवर तिनं मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं : आखणी, अनुजा. माझ्या जन्माचं सोनं झालं असं मला वाटलं.

पण तिच्याकडून एक चूक झाली होती. बाकीचे एकोणीस जण तिनं ठरवून जसे हवे तसे आखले. माझ्या वेळी हात आपसूक, बघून बघून मुरलेल्या गणपतीच्या डोळ्यांकडे वळला होता. न्यायला आलेले धैर्यशील मला बघून पोट धरून हसले. "अगं, राक्षस न्हवं ह्यो? ह्यो तर मोदक मागतोय! ह्याच्यावर तलवार कशी चालवायची? ऱ्हाऊ दे ह्याला तुझ्याकडंच." बाकीचे त्यांनी खुशीत नेले. मी मागे राहिलो.

आण्णांनी मला उचललं, उन्हात धरलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"ही नजर तर माझी हाय. कुणी आखली?"

"मी."

"कवा शिकलीस?"

"तुमच्या पाठीमागं उभारून. पंधरा वर्सं. आण्णा, औंदा मूर्तींचं डोळं मला आखू द्या."

आण्णांनी मला अलगद खाली ठेवलं. मग म्हणाले, "आख." अनुजाचा चेहरा फुलला. माझ्याही प्लास्टिकच्या छातीत धडधडलं.

"पर माडीवर बसून. नाव सम्राटचंच ऱ्हाईल. पोरीनं आखणी केली म्हटल्यावर मंडळं मूर्ती न्हेतील व्हय? आन् उद्या तू नांदायला जाणार."

तिनं भांडायला हवं होतं. भांडली नाही. तिनं ब्रश उचलला आणि माडी चढली. मला तिचा राग आला, अजून येतो. पण ब्रश हातातून जाईल या भीतीनं माणूस काय काय गिळतो, हेही मी बघितलं.

तीन वर्षांचे गणपती झाले. लोक येतात, मूर्तीसमोर हात जोडतात आणि म्हणतात, "सम्राट, काय नजर हाय लेका! बोलायचंच तेवढं बाकी ठेवलंयस!" सम्राट मान झुकवतो. करणारा राबतो, मिरवणारा मिरवतो.

यंदा त्यानं मलाही नमुना म्हणून काचेच्या कपाटात मांडायला काढलं. हातात ब्लेड होतं. मला उलटं करून तो चकती खरवडू लागला. अनुजा पाण्याला खाली आली होती.

"ते तेवढं ऱ्हाऊ दे की, दादा. तळाला हाय. कोण बघतंय?"

"कोण बघतच न्हाय, तर पायजे कशाला?"

ती तांब्या भरून वर गेली. माझ्या पायाखाली आता नुसता ओरखडा आहे.

मित्रांनो, अशा आत्मकथेच्या शेवटी मी म्हणायला हवं की आमची धूळ पुसा, आम्हाला जपा. माझ्यावर धूळ नाही. सम्राट मला रोज पुसतो. तुम्ही माझं दुसरंच काम करा. गणपती आणायला याल आणि मूर्तीची नजर आवडेल, तेव्हा विचारा, "आखणी कुणाची?" सम्राट म्हणेल, "माझी." तिथून हलू नका. पुन्हा विचारा, आणि मोठ्यानं विचारा. माडीवर ऐकू गेलं पाहिजे.