अलका चौकातला रिसीव्हर

सगळं खापर माझ्यावर फुटलं आहे. तेव्हा ते कसं फुटलं, एवढं तरी मला सांगू द्या.

लंडनजवळच्या मेडनहेड गावातला मेडनहेड मॅलर्ड्स हा आमचा क्लब. अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे लांबट बॉल, डोक्याला हेल्मेट आणि समोरच्याला आडवं पाडायचं, तो. एप्रिलमध्ये मी नवा रिसीव्हर म्हणून तिथे आलो. रिसीव्हरचं काम एकच. ठरलेल्या वाटेने जीव खाऊन धावायचं आणि क्वार्टरबॅकने फेकलेला बॉल झेलायचा. ऑगस्टमध्ये सीझन संपला तेव्हा आठ मॅचपैकी सात आम्ही हरलो होतो. माझ्यासाठी एकतीस वेळा बॉल फेकला गेला आणि मी चार वेळा झेलला. क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी माझ्या नावापुढे चाळणीचं चित्र टाकलं, त्यावर बावीस जणांनी हसरे चेहरे लावले. कोणी कोणी लावले ते मी एकेक करून पाहिलं.

क्वार्टरबॅक अनुप. पुण्याचा, कोथरूडचा, इथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत सहा वर्षं. त्याचा शाळेपासूनचा मित्र संजय, तोही रिसीव्हर. मी नागपूरचा, इंदोऱ्याचा. हाउन्सलोला राहतो आणि एअरपोर्टजवळच्या एका कार्गो कंपनीची कॉम्प्युटर सिस्टीम सांभाळतो. दर रविवारी हेजपर्यंत बस, तिथून मेडनहेडला एलिझाबेथ लाइनची गाडी. कॉलेजात मी चारशे मीटर धावायचो आणि चांगला धावायचो. इकडे आल्यावर तीन वर्षं नुसता खुर्चीत बसून होतो. पहिल्या रविवारी त्या ओल्या गवतावर धावलो आणि मला रडूच आलं, हेल्मेट होतं म्हणून कुणाला दिसलं नाही. व्हिसा सोडला तर ह्या देशात मी मनापासून मागितलेली ती एकच गोष्ट आहे, त्या टीममधली जागा.

पहिल्याच दिवशी अनुप पुढे आला. "अरे वा, मराठी! नाव काय?"

"विक्रांत."

"विक्रांत काय? आडनाव?"

"मेश्राम."

"अच्छा," तो म्हणाला.

त्या 'अच्छा'नंतर जी शांतता येते ती आम्ही लहानपणापासून ओळखतो. अर्ध्या सेकंदाची असते. मग तो हसला, नागपूरच्या उन्हाबद्दल काहीतरी बोलला. मीही हसलो, आणि हसता हसता मनाशी ठरवून टाकलं की ह्या माणसाला आपली एकही उणीव दिसू द्यायची नाही. सगळी गोष्ट इथेच बिघडली, पण ते मला फार उशिरा कळलं.

आमची कोच सारा. स्लाउमधल्या एका शाळेत पीई, म्हणजे व्यायाम आणि खेळ, शिकवते, बोलायला तिखट आणि हिशोबाला सरळ. प्रॅक्टिसमध्ये ती आम्हाला आकड्यांनी वाटा शिकवायची. एक म्हणजे सरळ, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे उजवीकडे, चार म्हणजे मागे वळून ये. पण मॅचमध्ये समोरची टीम आकडे ऐकून ओळखते म्हणून अनुपने एक शक्कल काढली. आम्ही तिघे मराठी होतो, तर आमच्यापुरत्या सूचना मराठीत द्यायच्या, आणि त्याही फक्त मॅचमध्ये, म्हणजे बाहेर फुटणार नाहीत.

"एकदम सिंपल आहे," अनुप म्हणाला. "फील्ड म्हणजे अलका चौक. टिळक, केळकर, शास्त्री, लकडी पूल. मी ओरडलो की त्या रस्त्याला लागायचं. गोऱ्यांना घंटा कळणार नाही."

"आणि लक्ष्मी रोड?" संजयने विचारलं, त्याला उत्तर माहीत असूनही.

"लक्ष्मी वन-वे आहे! अलकाकडून एन्ट्री नाही!" दोघेही हसून हसून वाकले. मग अनुप माझ्याकडे वळला. "तुला माहितीये ना रे अलका चौक? की ड्रॉ करून देऊ?"

"माहीत आहे," मी म्हणालो.

आणि खोटं बोललो नव्हतो. माझी गयाबाई मावशी पुण्यात दांडेकर पुलाजवळ राहायची. शाळेच्या चार सुट्ट्या मी तिच्याकडे काढल्या. मावशी नदीपलीकडे डेक्कनला दोन घरी स्वयंपाकाला जायची, मी तिच्याबरोबर चालत जायचो, आणि तो चौक ओलांडताना ती माझं मनगट घट्ट धरायची. पुण्यातलं मला दुसरं काहीही विचारलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण अलका चौक विचारत होता, तोही 'ड्रॉ करून देऊ का' ह्या सुरात. मी कशाला विचारतो?

पहिली मॅच. अनुप ओरडला, "केळकर!" मी सरळ सुटलो. असा सुटलो की माझ्यावर ठेवलेला त्यांचा माणूस चार पावलं मागे पडला. वळून पाहतो तर बॉल डावीकडे, मी जिथे असायचं काही कारणच नाही अशा जागी, आणि तो त्यांच्या माणसाने आरामात झेललेला.

"कुठे होतास तू?" अनुप हेल्मेट काढून ओरडला.

"तू कुठे फेकलास?"

"केळकर म्हणालो ना मी! केळकर!"

"मग केळकरलाच गेलो ना!"

त्याने संजयकडे बघून डोळे फिरवले. पुढच्या वेळी तो 'लकडी पूल' ओरडला, मी डावीकडे तुटून पडलो, आणि बॉल मागे, मधोमध, गवतावर आपटला. 'टिळक'ला मी उजवीकडे, तर बॉल सरळ पुढे. माझी खात्रीच पटली. हा मुद्दाम करतोय. मी मोकळा दिसलो की नेमका दुसरीकडे फेकतो, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की रूकी, म्हणजे नवखा, चुकला. संजयला मात्र त्याचा प्रत्येक बॉल हातात जायचा. त्या 'अच्छा'चा अर्थ मला आता पुरता लागला होता.

आणि अनुपला काय वाटत होतं? की हा मेश्राम बिनडोक आहे. हे त्याने लपवलंही नाही. मे महिन्यात तो माझ्यादेखत साराला म्हणाला, "ही इज फास्ट, बट नथिंग अपस्टेअर्स." मी ऐकलं, त्यालाही दिसलं की मी ऐकलं. त्या दिवसापासून आम्ही मैदानाबाहेर एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

जुलैत अनुपचं मनगट मुरगळलं आणि एका मॅचला तो बाहेर बसला. बॉल फेकायला राखीव कुणी नव्हतं, म्हणून खुद्द साराचा पन्नाशीचा असिस्टंट उतरला आणि त्याने साराचेच आकडे वापरले. एक, दोन, तीन, चार. मी चार वेळा झेलला. ती एकच मॅच आम्ही जिंकलो. सगळ्या सीझनमधले माझे चार झेल ते हेच.

घरी येऊन मी बायकोला, धम्मशीलाला, सांगितलं, "बघ. तो नाही तर मी झेलतो. तो मला ठरवून पाडतोय."

"तू विचारलंस का त्याला?" ती म्हणाली.

"काय विचारू? 'बाबा रे, मला का पाडतोस?' असं?"

"असं नाही. तू कुठे फेकतोस आणि मी कुठे जायचं असतं, एवढंच. साधं विचारायचं, विक्रांत."

मी तिच्यावर भडकलो. दोन दिवस धड बोललो नाही. तिने जे सुचवलं होतं ते अगदी बरोबर होतं आणि मला ते करायचं नव्हतं. अनुपपुढे जाऊन 'मला समजावून सांग' म्हणण्यापेक्षा मला हरलेलं चाललं असतं.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी साराने आम्हाला क्लबहाऊसच्या वरच्या खोलीत बोलावलं. रिसीव्हर तीन होते आणि पुढच्या सीझनला जागा दोन. संजयची पक्की होती. तिसरा मुलगा कार्डिफला नोकरीला जायच्या बेतात होता, पण अजून ठरलं नव्हतं. माझ्याबद्दलच काय ते ठरायचं होतं. अनुप लॅपटॉप घेऊन आला होता. त्याने माझ्या चुकांचे चौदा व्हिडिओ कापून एका रांगेत लावले होते. एवढी मेहनत ह्या माणसाने माझ्यासाठी सीझनभर कधी घेतली नव्हती.

सहा क्लिप मी दात आवळून पाहिल्या. सातव्या क्लिपला त्याचाच आवाज आला, "शास्त्री!", आणि पडद्यावर मी पळता पळता थांबून मागे वळलो. बॉल उजवीकडे निघून गेला. संजय हसला.

"काय हसतो बे?" मी उठलोच. "शास्त्री म्हणाला, मी मागे आलो. कुठे चुकलो ते दाखव!"

"मागे?" अनुप म्हणाला. "शास्त्री मागे? अरे, शास्त्री राइटला आहे! वेडा आहेस का?"

"शास्त्री राइटला कसा असेल?"

"तू अलका चौक पाहिलायस तरी का?"

"तुझ्याइतकाच पाहिलाय!"

सारा मध्ये पडली. काय चाललंय ते तिला काही कळत नव्हतं. तिने टेबलावरचा मार्कर उचलला आणि म्हणाली, ओरडू नका, काढून दाखवा, दोघेही. अनुपने फळ्यावर चौक काढला, झरझर, सवयीने. खाली लकडी पूल, त्यावर एक बाण, वर चौकात जाणारा. समोर टिळक, डावीकडे केळकर, उजवीकडे शास्त्री. "इथून यायचं," तो म्हणाला. "डेक्कनकडून. ऑब्व्हियसली."

मी त्याच्या शेजारी उभा राहून त्या चौकाकडे बघत राहिलो. रस्ते तेच होते. चौक तोच होता. मी त्याच्या हातातून मार्कर घेतला आणि दुसरा बाण काढला, शास्त्री रोडवरून चौकात येणारा, दांडेकर पुलाच्या बाजूने. तिथून उभं राहिलं की समोर केळकर. डावीकडे लकडी पूल. उजवीकडे टिळक. आणि शास्त्री पाठीमागे, कारण तिथूनच आपण आलो. माझा अख्खा सीझन त्या दोन बाणांच्या मध्ये पडलेला होता. सगळ्या वाटा बरोबर, फक्त पाव फेरा फिरलेल्या.

संजयने हळू आवाजात साराला इंग्रजीत समजावलं. अनुप फळ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खरंखुरं आश्चर्य होतं.

"पण शास्त्री रोडने कोण येतं अलकाला?" तो म्हणाला.

मी त्याला मारलं नाही, हे साराने नंतर माझ्या बाजूने नोंदवावं असं मला वाटत होतं. "आम्ही येतो," मी म्हणालो. "त्या बाजूला पण लोक राहतात. तुमच्या डेक्कनच्या घरांमध्ये स्वयंपाकाला जाताना तिकडूनच यावं लागतं."

तो लाल झाला. "मी तसं म्हणालो नाही."

"तू तसंच म्हणालास. तुला कळलं नाही, एवढंच."

"मग तू विचारायचं होतंस ना! मी म्हणालो होतो, ड्रॉ करून देऊ का. म्हणालो होतो की नाही?"

म्हणाला होता. ज्या सुरात म्हणाला होता तो सूर पकडून मी पाच महिने बसलो, पण म्हणाला होता. कुठल्या बाजूने उभं राहायचं हे सांगावं लागतं असं त्याला एकदाही सुचलं नाही, आणि ते विचारावं असं माझ्या तोंडून एकदाही निघालं नाही. त्याला मी मूर्ख हवा होतो. मला तो नीच हवा होता. दोघांनाही हवं ते मिळालं, म्हणून कुणीच पुढे शोधलं नाही.

साराने फळा पुसला. तिने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "दोन मोठी माणसं. अख्खा सीझन. कमाल आहे." तिने यादीचा कागद पुढे ओढला. पुढच्या वर्षी फक्त तिचे आकडे चालतील, चौकबिक काही नाही, हे तिने आधी सांगून टाकलं. "आता मला एकच हवं आहे. विक्रांत, अनुप फेकेल आणि तू पळशील, जमेल? हो की नाही. मग मी हेच अनुपला विचारणार. दोघेही हो म्हणालात तर जागा तुझी."

हो म्हणायचं होतं. माझ्या सगळ्या अंगाला हो म्हणायचं होतं, पायांना तर नक्कीच. मी अनुपकडे पाहिलं. तो पुसलेल्या फळ्याकडेच बघत होता, जिथे मघाशी माझा बाण होता. मला वाटलं, हा आता नाही म्हणणार. मी हो म्हणून बसणार, आणि हा सगळ्यांसमोर नाही म्हणणार. ते मला झेपलं नसतं.

"नाही," मी म्हणालो. "ह्या माणसासाठी मी एक यार्डही पळणार नाही."

साराने दोनदा माझ्याकडे पाहिलं आणि नावावर रेघ मारली. अनुपला विचारायची तिला मग गरजच उरली नाही.

मी खाली कार पार्कमध्ये आलो, स्टेशनच्या दिशेने निघालो. मागून पावलं वाजली. अनुप होता, धापा टाकत, लॅपटॉप छातीशी धरलेला.

"मी हो म्हणणार होतो," तो म्हणाला. "आय वॉज गोइंग टू से येस, यार."

मी न थांबता पुढे चालत राहिलो. तो परत वर गेला.

तो खोटं बोलत होता, असं मी घरी येऊन धम्मशीलाला सांगितलं. तिला पटलं नाही. तेव्हापासून कामावर, बसमध्ये, भाजी घेताना मी मनातल्या मनात त्याला खोटारडा ठरवत असतो. तो खोटारडा निघायलाच हवा. कारण तो खरं बोलला असेल, तर माझी जागा माझ्याकडून कुणीही काढून घेतलेली नाही.