पांढऱ्या दगडाची पाटी

अंबाबाईची शपथ, एक शबूद खोटा बोललो तर जीभ झडंल माझी.

म्युझियममधी काचंम्होरं उभं ऱ्हाऊन माझ्या नातीनं, अनुजानं, पाटी वाचली. "कोरीव कमळाचा तुकडा. चुनखडीचा दगड. अंदाजे दोन हजार वर्षं जुना. शोधणारे..." नि म्होरं तिच्या आजोबांचं नाव. म्हंजे आमचं मालक. माझी थोरली जाऊ धोंडुबाई शेजारी उभी.

खरं तर दगड घावला जावंच्या मालकांना, माझ्या थोरल्या दिरांना. मलकापूरजवळ आमचं गाव. गोठ्याचा पाया खणताना पहार पांढऱ्यावर आदळली. आमच्याकडं सगळा काळा दगड, ह्यो पांढरा, वर अर्धं कमळ. माणसं म्हनली, फोडून पायात घाला. थोरल्यांनी ऐकलं न्हाय. बैलांनी मान टाकली, तसा ह्या गड्यानं एकट्यानं पाठीवर घिऊन घरामागच्या परड्यात आणला. कंबर गेली ती कायमची. रोज त्या दगडाला फडक्यानं पुसायचं. मी जावंला म्हनायचो, "सवत हाय की गं तुझी."

मग म्युझियमचं सायेब आलं. थोरलं तवा दवाखान्यात.

"कुणाला सापडला? नाव पाटीवर येईल, मावशी."

धोंडुबाईनं पदर तोंडाला लावला. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं?

"उखाण्यात घे की," मी म्हनलो. ती हसली. तेवढ्यात आमच्या मालकांनी आपलंच नाव सांगून टाकलं. सायबानं लिवलं नि दगड गाडीत घालून नेला. थोरल्या दिराचं नाव मी तरी कसं घेऊ? नि आपल्या दादल्याला चारचौघांत खोटं पाडू व्हय? च्या टाकायला आत गेलो.

थोरलं घरी आलं, तर परडं मोकळं.

"माझं नाव सांगितलंस न्हवं?"

"व्हय," धोंडुबाई म्हनली. म्हैन्याभरात त्या 'व्हय'वरच गेला गडी.

आज तिनं राखणदाराला हाक मारली. "पावणं, पाटी चुकलीया. ह्यो दगड ह्येंना घावला."

"ह्येंना म्हंजे कुणाला, आज्जी?"

तशी धोंडुबाईनं जल्मात पयल्यांदा नवऱ्याचं नाव घेतलं. अख्ख्या हॉलात घुमलं.

...न्हाय. शपथ घेतलीया म्हणून सांगतो, त्येवढं माझ्या पदरचं हाय. तिनं पदर तोंडाला लावला. मी खाली फरशी बघत ऱ्हायलो. राखणदार जरा थांबला, मग दुसऱ्या खोलीत गेला.