सिग्रिड नॉरदाल यांना ठेवायचं का?

राज्याच्या स्वतःच्या सुप्रीम कोर्टाचे निकाल शुक्रवारी सकाळी नऊ वाजता संगणकावर येत. गेली एकोणतीस वर्षं ते वाचून 'क्लॅरियन' या दैनिकाला बातमी द्यायचं काम अर्लीन व्रबेलकडे होतं. वाचायची तिची रीत कोर्टाच्या सगळ्या बातमीदारांची असते तीच, आधी शेवटचं पान. पहिली तीस-चाळीस पानं कायद्याचा काथ्याकूट असतो. शिक्षा कायम की रद्द, ते शेवटी दोन ओळींत सांगितलेलं असतं. त्या दोन ओळी वाचायच्या, बातमी पाठवून द्यायची, आणि मग कॉफीचा मग घेऊन पहिल्यापासून सावकाश वाचत बसायचं. इतक्या वर्षांत ही रीत तिच्या कधी अंगाशी आली नव्हती. सप्टेंबरातल्या त्या शुक्रवारी आली.

खटला साऱ्या राज्याला पाठ होता. केल्सी पेटिट, एकोणीस वर्षांची पोरगी, पेट्रोल पंपावर गल्ल्यावर बसायची. गॅरिक टोल नावाच्या माणसाने तिचा जीव घेतला. त्याने कबुलीही दिली, पण ती देण्याआधी त्याने चारदा वकील मागितला होता आणि पोलिसांनी चारही वेळा कानाडोळा केला होता. त्यामुळे जन्मठेपेवरचं अपील सुप्रीम कोर्टात आलं. सात न्यायमूर्ती. निकाल लिहिला सिग्रिड नॉरदाल यांनी, पहिल्या पानावर त्यांचंच नाव होतं.

अर्लीनने शेवटचं पान उघडलं. 'आरोपीस मुक्त करण्यात यावे,' असं स्पष्ट लिहिलेलं. तिने मथळा ठोकला: 'केल्सी खून खटला: न्या. नॉरदाल यांनी आरोपीला सोडलं'. पूर्वी बातमी उपसंपादक वॉल्टच्या टेबलावरून जायची आणि तो खवट म्हातारा चष्म्यावरून बघत विचारायचा, "पूर्ण वाचलंयस का गं?" वॉल्टला आदल्या वर्षी काटकसरीत घरी पाठवलं होतं. नऊ वाजून सात मिनिटांनी बातमी लोकांच्या फोनवर होती.

मग ती कॉफी घेऊन वाचायला बसली. अडतिसाव्या पानावर नॉरदालबाईंचा निकाल संपला: शिक्षा रद्द, कबुलीजबाब बाजूला ठेवून खटला नव्याने चालवा, आणि तोवर आरोपी तुरुंगातच राहील. त्याखाली वेगळं शीर्षक होतं. पुढची अकरा पानं दुसऱ्याच एका न्यायमूर्तींची होती. सातांत एकट्या त्यांचं मत वेगळं पडलं होतं, की सरकारला दुसरी संधी कशाला, सोडा त्याला. शेवटचं पान त्यांचं होतं. आणि त्यांचं म्हणणं खोडून काढायला नॉरदालबाईंनी तीन पानं खर्ची घातली होती.

"अगं बाई, हे काय करून बसले मी!" अर्लीन एकटीच मोठ्याने म्हणाली.

चाळीस मिनिटांत मथळा बदलला. बातमीच्या तळाशी दुरुस्तीची ओळ आली, दुसऱ्या दिवशी छापील अंकात चौथ्या पानावर तीन ओळी आल्या. पण बैल गेला नि झोपा केला, त्यातली गत. जुना मथळा त्या चाळीस मिनिटांत फोनाफोनी, वस्तीवस्ती, गावोगाव फिरून आला होता.

आणि नोव्हेंबरात नॉरदालबाईंचं नाव मतपत्रिकेवर होतं. या राज्यात न्यायमूर्तींना गव्हर्नर नेमतो, पण दर काही वर्षांनी लोकांना विचारावं लागतं. समोर दुसरा उमेदवार नसतो. मतपत्रिकेच्या मागच्या बाजूला एवढाच प्रश्न, यांना ठेवायचं का? हो किंवा नाही. एरवी निम्म्या लोकांना ती नावं कुणाची हेही माहीत नसतं. डोळे मिटून 'हो'वर खूण करतात आणि घरी जातात. या वर्षी तसं झालं नाही. कुठलीशी 'सुरक्षित घरं समिती' उगवली आणि तिची जाहिरात टीव्हीवर सुरू झाली. आधी अर्लीनचा मथळा, त्याखाली 'क्लॅरियन'चं नाव, मग केल्सीची आई डार्ला, लेकीचा फोटो छातीशी धरून. "माझ्या पोरीला मारणाऱ्याला ही बाई सोडते. तिला घरी पाठवा."

अर्लीन तडक संपादकाच्या खोलीत गेली. ड्वाइट तिच्याहून पंचवीस वर्षांनी लहान, वाईट माणूस नव्हे, पण घाबरट.

"मला पहिल्या पानावर लिहायचंय, माझ्या नावाने. की चूक माझी होती, त्या बाईची नाही."

"दुरुस्ती छापलीय ना आपण?"

"चौथ्या पानावर! गादीच्या जाहिरातीखाली! कोण वाचतं रे ती?"

"बाई, मतदानाला दहा दिवस उरलेत. आता लिहिलंत तर लोक म्हणतील, 'क्लॅरियन' नॉरदालबाईंचा प्रचार करतोय. आणि ती समिती आपल्याला कोर्टात खेचेल ते वेगळंच. नको. झालं ते झालं."

तिला भांडता आलं असतं. राजीनामा तोंडावर फेकता आला असता, कुठल्याही दुसऱ्या पेपरात जाऊन लिहिता आलं असतं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. ती गप्प बसली. माणसं अशी गप्प बसतात आणि मग जन्मभर त्याची कारणं शोधत राहतात.

मतदानाआधीच्या रविवारी चर्चच्या तळघरात जेवण होतं. नेहमीसारखी बीन्सची तिखट चिली आणि तिच्याबरोबर दालचिनीचे गोड रोल. सिग्रिड आणि अर्लीन एकाच गायनवृंदात, वीस वर्षं एका बाकावर उभ्या राहून गाणाऱ्या. कोर्टाचा विषय तिथे काढायचा नाही हा दोघींचा न ठरवता ठरलेला नेम. सिग्रिड वाढायला उभी होती. अर्लीन ताटली घेऊन समोर आली आणि तिला राहवलं नाही.

"सिग्रिड, तू एकदा बोल ना गं. टीव्हीवर जा, नाहीतर मला मुलाखत दे. 'मी सोडलं नाही' एवढं तरी म्हण."

"खटला पुन्हा चालायचाय, अर्लीन. त्यावर मी एक शब्द बोलले, तर उद्या त्याचा वकील तेच धरून बसेल. मग त्या मुलीचा खटला तिसऱ्यांदा उभा राहील." तिने डाव भरून चिली वाढली. "तिच्या आईने किती वेळा तिथे बसायचं?"

"अगं, पण तुझी खुर्ची जाईल!"

"जाईल तर जाईल. रोल घे, गार होतायत."

तिच्या आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं. अर्लीनने ताटली कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवली आणि न जेवताच घरी गेली.

मंगळवारी मतदान झालं. संध्याकाळी आकडे आले: ठेवा म्हणणारे अठ्ठेचाळीस टक्के, ठेवू नका म्हणणारे बावन्न. बातमी अर्लीननेच लिहिली, अक्षर न् अक्षर तीनदा तपासून. बुधवारी सकाळी ड्वाइट म्हणाला, "मुलीच्या आईची प्रतिक्रिया हवी. तुम्हीच जा, ती तुम्हाला ओळखते."

डार्ला पेटिट दारातच तिच्या गळ्यात पडली. हातात हात घेऊन आत नेलं, कॉफी दिली, सकाळीच भाजलेला केक कापला. घरभर केल्सी होती. भिंतीवर, फ्रिजवर, टीव्हीच्या डोक्यावर.

"तुमचे उपकार कसे फेडू मी? तुम्ही ते छापलंत म्हणून तर लोक खवळले. लोक खवळले म्हणून तो आत राहिला. नाहीतर त्या बाईने सोडलाच होता त्याला!"

"तसं नाही हो ते," अर्लीन म्हणाली.

"नाही कसं? तुम्हीच तर लिहिलंत."

"चुकीचं लिहिलं. चाळीस मिनिटांत बदललंही."

"बदललं? मी कशाला परत बघायला जाऊ? एकदा वाचलं तेच पुरे झालं मला. दोन दिवस अन्न गेलं नाही पोटात."

अर्लीनने निकालाची प्रत पिशवीतून काढली. मग तिने सगळं सांगितलं. सोडा म्हणणारा एक न्यायमूर्ती होता, आणि त्याला अडवणारी ही बाई. तो तुरुंगात राहिला तो लोकांच्या आरड्याओरड्याने नव्हे, या बाईच्या अडतिसाव्या पानामुळे. तिने ते पान पुढे धरलं. डार्लाने ओठ हलवत, बोट फिरवत ते वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"माझ्या पोरीचा फोटो हातात धरून मी बोलले," ती हळू म्हणाली. "ही बाई त्याला आत धरून बसली होती, आणि मी तिलाच..."

"तुमचा दोष नाही. चूक माझी. मला हे तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवलं नसतं."

"आधी का नाही आलात? दहा दिवस ती जाहिरात चालू होती. माझं घर माहीत होतं तुम्हाला."

डार्ला उठली, आणि तिने दार उघडून धरलं. तिचा आवाज चढला नव्हता.

"तीन वर्षांत एकच गोष्ट केली हो मी माझ्या केल्सीसाठी. लोकांसमोर उभी राहिले. काल रात्री पहिल्यांदा मला झोप लागली." तिने प्रत अर्लीनच्या हातात परत दिली. "खरं सांगून तुमचं मन हलकं झालं असेल. आता मी काय करू, तेही सांगून जा."

अर्लीन पायरीवर उभी राहिली. आत डार्लाने कडी लावल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ तिच्या रडण्याचा.